वाचकांचे प्रश्न : घटस्फोट आणि राहता फ्लॅट

प्रश्न : परस्परसंमतीने वेगळे होण्याचे आम्ही ठरवले आहे. फ्लॅट यजमानांच्या नावावर असला तरी कर्जाचे निम्मे हप्ते माझ्या पगारातून गेले. मला अर्धा फ्लॅट मिळेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आपोआप नाही. नवरा-बायकोच्या मिळकतीची सरसकट निम्मी वाटणी करणारा कायदा आपल्याकडे नाही, जरी तसा समज सुशिक्षितांतही पक्का असतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २७ लग्नसमयी मिळालेल्या सामाईक वस्तूंविषयी आहे. फ्लॅटमधील हिश्शाचा दावा कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ नुसार इंदूरच्या कुटुंब न्यायालयात मांडता येतो, आणि तेथे बँकेचे खातेउतारेच तुमच्या बाजूने बोलतील, म्हणून ते आजच काढून ठेवावेत. माहेरचे दागिने हे स्त्रीधन असल्याने त्यांच्या वाटणीचा प्रश्नच उद्भवत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र दाव्यापेक्षा लेखी तडजोड मला अधिक शहाणपणाची वाटते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब खालील (परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या) संयुक्त अर्जासाठी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते (एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून न राहणे यात बसते), आणि अर्ज केल्यावर दुसऱ्या प्रस्तावापूर्वी, म्हणजे घटस्फोट मंजूर करण्याची विनंती दोघांनी न्यायालयात पुन्हा करण्यापूर्वी, सहा महिने थांबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानुसार योग्य प्रकरणी ही सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते. फ्लॅट कोणाकडे राहील, उरलेले कर्ज कोण फेडेल आणि पोटगीची रक्कम किती, हे सारे त्या अर्जातच स्पष्ट लिहून घ्यावे.