आधी इन्फँटिनोचा फ्लॅश बघ

सुपरहिरो काढायचाय ना, मग मसल्स राहूदेत बाजूला, आधी कॉमिक्स आर्टिस्ट कार्माइन इन्फँटिनोचा फ्लॅश बघ, तो सुसाट पळणारा हिरो. १९५६ चा. वेग दाखवायला आडवे लांबट पॅनल, मागे बुटकी स्कायलाइन, आणि एकाच माणसाच्या पाच-सहा आकृत्या एकामागून एक, बस्स, पळतोय असं वाटतंच. कव्हर तर असलं भारी करायचा की कधीकधी एडिटर श्वार्ट्झ कव्हर बघून मग स्टोरी लिहून घ्यायचा. पुढे इन्फँटिनोच डीसीचा, म्हणजे फ्लॅश छापणाऱ्या कंपनीचा, एडिटोरियल डायरेक्टर, १९७१ ला पब्लिशर, समोरच्या मार्व्हल कंपनीच्या आर्टिस्टला, जॅक कर्बीला, यानेच डीसीत आणलं. १९७६ ला खुर्ची गेली (कंपन्या अशाच असतात रे), तर गडी परत फ्रीलान्स पानं काढायला बसला, १९८१ पासून पुन्हा फ्लॅशच! तू सध्या नुसती कव्हरची थंबनेल्स (छोटी कच्ची स्केचेस) काढ, रोज.