धबधब्याच्या धारेतून दोराने उतरताना

साम्रद गावाहून सांदण दरीत प्रथमच उतरण्याचा बेत आपण कळवलात आणि मनापासून आनंद झाला. मात्र पावसाळ्यात तिथे पाऊल टाकू नये, कारण माथ्यावर कोसळलेली सर त्या अरुंद भिंतींमध्ये पाहता पाहता लोंढा होऊन येते आणि बाजूला सरकायला जागाच नसते.

धबधब्यातून उतरताना कोरड्या कातळावरची एक सवय सोडावी लागते. खाली वाहता डोह असेल तर दोराच्या टोकाला गाठ मारू नये, आणि दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच सोडावा, म्हणजे तो पायांत गुंतत नाही व डिसेंडरमधून (दोरावरून सावकाश उतरण्याच्या साधनातून) सहज निसटतो. धारेखाली अडकून पडणे अत्यंत घातक असते; एकदा माझ्या शर्टाचे टोक फिगर ऑफ एटमध्ये (आठच्या आकड्याच्या आकाराच्या डिसेंडरमध्ये) ओढले गेले, तोंडावर पाणी आदळत होते, आणि वरच्या सोबत्याने ताणाखालीही सुटणाऱ्या गाठीतून दोर सैल सोडला, म्हणूनच मी खाली पोहोचलो. केस आणि सैल कपडे आधीच आत खोचावेत.

दोर ओढून घेतला की वर परतता येत नाही. म्हणून शेवटचा माणूस वर असतानाच तो मोकळा सरकतो का, हे खालून ओढून पाहावे.