'सुंदर ते ध्यान': अक्षरं सहा, टाळ्या चार

नागपूरच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. अभंगाच्या चरणात सहा अक्षरं असतात असं सांगून त्यांनी मुलांना 'सुंदर ते ध्यान' टाळ्या देत म्हणायला लावलं, तर टाळ्या पडल्या चारच: सुन्, दर्, ते, ध्यान्. मुलं अक्षरं खातात, हा आपल्या नागपुरी बोलण्याचा परिणाम का? पुण्याकडची मुलं बरोबर सहा मोजतील का?

नाही हो ताई. पुण्यातही चारच पडतील आणि कोल्हापुरातही. आपल्या बोलीवर येता-जाता दोष ठेवायची सवय आपल्यालाच फार लागली आहे. इथे बोलीचा काही संबंध नाही.

मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण सहसा उच्चारत नाही. मधलाही पुष्कळदा गळतो. 'नागपूर' लिहायला चार अक्षरं, म्हणायला नाग्-पूर्, दोनच ठोके. नागपुरातल्या वस्त्यांची नावं घ्या. धरमपेठ कागदावर पाच अक्षरांची, तोंडात तीन ठोक्यांची. इतवारीची चार अक्षरं, ठोके तीन. रामदासपेठेची तर सहा अक्षरं, म्हणजे अभंगाचा अख्खा चरण भरतो, पण ऑटोवाल्याला सांगताना आपण राम्-दास्-पेठ् असं तीन ठोक्यांत संपवतो. धंतोली मात्र दोन्हीकडे तीनच, कारण तिथे गळण्याजोगा 'अ' नाही. जोडाक्षरानंतरचा 'अ' ही बराचसा टिकतो. 'मित्र' किंवा 'शब्द' सावकाश म्हणून बघा.

आता छंदाकडे. ओवी-अभंगात मोजायचं ते अक्षर, बोलण्यातला ठोका नव्हे. लघु (हलकं, आखूड) आणि गुरू (जड, लांब) अक्षर हा भेद तिथे नाही, प्रत्येक अक्षर गुरूसारखं लांबवून म्हणायचं. मोठ्या अभंगाचे चार चरण 6-6-6-4 असे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. हरिपाठाच्या 'देवाचिये द्वारी' या सुरुवातीवरून त्याला देवद्वार छंद म्हणतात. तुकोबांची ओळ यात चपखल बसते: सुंदर ते ध्यान (6), उभे विटेवरी (6), कर कटावरी (6), ठेवोनिया (4). विटेवरी-कटावरी हे यमक. भजनात हीच ओळ म्हणताना 'सुंदर'चा 'र' आणि 'ध्यान'चा 'न' पूर्ण स्वरासकट येतात. बोलण्यात गळलेला 'अ' गाण्यात परत येतो. शेवटचा चरण चार अक्षरांचा, त्यामुळे दोन अक्षरांची जागा उरते. ती सूर लांबवून किंवा टाळांनी भरली जाते.

एवढ्यावर थांबलो तर मुलं चुकली असंच वाटेल. म्हणून त्याच अभंगाची पुढची ओळ घ्या: 'तुळसीहार गळा, कासे पितांबर, आवडे निरंतर…' पहिला चरण मोजा. तु, ळ, सी, हा, र, ग, ळा. सात! 'कासे पितांबर' बरोबर सहा. 'आवडे निरंतर' पुन्हा सात. मग ओळ बिघडली का? मुळीच नाही. म्हणणारा सहज 'तुळ्सी' म्हणतो, 'आव्डे' म्हणतो, आणि चरण सहाच्या मापात येतो. तुमच्या मुलांनी 'सुंदर'मध्ये जे केलं, नेमकं तेच. पहिल्या ओळीत 'अ' परत आणायचा आणि दुसरीत गिळायचा, दोन्ही सोयी एकाच अभंगात आहेत. मला अभंगाच्या घडणीत याहून सुंदर काही वाटत नाही. ही रचना तोंडातून तोंडात गेली, तिचं माप टाळाच्या ठेक्याने धरलेलं आहे.

ही मोकळीक सगळीकडे नाही. मनाचे श्लोक भुजंगप्रयात या अक्षरगणवृत्तात आहेत, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेला: चरणात 12 अक्षरं, चार वेळा 'य' गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु असा तीन अक्षरांचा गट. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' यातले दोन्ही 'श' लघु म्हणून स्वच्छ उच्चारावेच लागतात. 'गणाधीश् जो ईश् सर्वां' असं बोलल्यासारखं म्हटलं की 12 चे 10 होतात आणि चाल तिथल्या तिथे अडखळते. हा श्लोक मुलांकडून दोन्ही तऱ्हांनी म्हणून घ्या, फरक त्यांच्या कानालाच कळेल.

मात्रावृत्तात, म्हणजे जिथे लघूची एक आणि गुरूच्या दोन अशा मात्रा मोजतात तिथे, आणखी एक गंमत आहे. 'कर' म्हणजे दोन लघु, मात्रा दोन. 'कर्' असा एकच ठोका धरला, तर तो बंद अक्षराचा म्हणून जड, मात्रा तरीही दोन. त्यामुळे 'घर', 'मन', 'कर' असे शब्द मात्रावृत्तात बोलल्यासारखे म्हटले तरी ओझं बदलत नाही. उर्दू गझलेत 'घर' सरळ एक गुरू धरतात. आपल्या अक्षरगणवृत्तात मात्र ते दोन लघूच, आणि उर्दू-हिंदी कानावर वाढलेले नागपूरकर मराठी गझल लिहायला बसले की इथे हमखास ठेचकाळतात.

आपल्याकडच्या पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची यमकी गाणी, या तिन्ही हिशेबांबाहेरच्या. ओळी लांब-आखूड कशाही असोत, शेवटी यमक जुळलं आणि सगळ्यांनी मिळून 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' उचललं की झडती जमली. तिथे अक्षरं मोजायला जाऊच नये.

वर्गापुरतं सांगायचं तर अक्षर मोजताना स्वर मोजा. 'ध्या' हे जोडाक्षर असलं तरी अक्षर एकच, 'सुं'वरच्या अनुस्वाराचं वेगळं अक्षर धरायचं नाही, आणि शेवटचा 'न' लिहिला आहे तर तो मोजायचाच. टाळ्या मात्र बोलताना देऊ नका. आधी चालीत म्हणू द्या, मग टाळ्या. सहा आपोआप पडतील. आणि 'तुळसीहार गळा'ला एखाद्या मुलाने सात सांगितले, तर त्याचं उत्तर बरोबर धरा.