पासपोर्ट घेतला, पुढे काय?

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. ऑक्टोबरात आम्ही दोघं फ्रान्सला चार आणि स्वित्झर्लंडला सहा दिवस जाणार. व्हिसासाठी दाखवायला पगारपत्रक नाही. एजंट म्हणतो, खात्यात पाच लाख आणून ठेवा. सातबारा चालेल का? – एक वाचक

उत्तर : ते पाच लाख उसने आणू नका हो! अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली मोठी रक्कम पहिली डोळ्यांत भरते. तुमचं खातं एप्रिल-मेमध्येच फुगणार, हे तिथल्या अधिकाऱ्याला कसं कळावं? म्हणून सोबत पत्रात लिहा : आंबा कधी निघतो, पैसे कुठल्या व्यापाऱ्याकडून आले. त्याच्या विक्रीच्या पट्ट्या (हिशेबाच्या पावत्या) जोडा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्रात दाखवता येतं. दाखवलं असेल तर तेही लावा. सातबारा जरूर द्या, पण इंग्रजी भाषांतरासह. परत यायला तुम्हाला कारण आहे, हे त्यातून दिसतं.

दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये जास्त, तेव्हा अर्ज त्यांच्याकडेच. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा. मोठ्यांची फी 90 युरो. व्हिसा नाकारला तरी ती गेलीच.

अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो. गणपतीआधी उरका, एकदा चाकरमानी घरात आले की कागद हातात धरायला फुरसत नाही. बोटांचे ठसे द्यायला मात्र वहिनींनाही यावं लागेल.