ठासणीच्या बंदुकांपैकी तुमच्या स्वप्नातली बंदूक कोणती? विकत घ्याल की स्वतः घडवाल?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकांपैकी कुठली हवी, आणि पुण्यात राहून हा छंद जमेल का. पहिल्यावर मी कितीही बोलू शकतो. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, ते तुम्हाला फारसं आवडणार नाही.

घडवायची झाली तर पेन्सिल्व्हेनियाची साधी, बिननक्षीची चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारी रायफल. जवळ बाळगायची झाली तर गोव्यात घडलेली तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी बंदूक. पहिली आवाक्यातली आहे. दुसरी माझ्या हाती लागणं कठीणच.

मी नोकरीनिमित्त पेन्सिल्व्हेनियात राहतो, त्यामुळे पहिल्या निवडीत थोडा पक्षपात आहे. अठराव्या शतकात लँकेस्टर आणि नाझरेथच्या परिसरात जर्मन बंदूककार येऊन वसले. सोबत त्यांनी आपली येगर रायफल आणली. आखूड, जाडजूड, शिकारीची, नळी साधारण तीस इंचांची. इथे आल्यावर तिचं रूपच पालटलं. नळी ४२-४४ इंचांपर्यंत लांबली, तिचा आतला व्यास घटला, दस्ता सडपातळ झाला आणि अक्रोडाच्या जागी इथलं मेपलचं लाकूड आलं. व्यास घटण्यामागे हिशेब होता. जंगलात महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसाला शिसं आणि दारू स्वतः वाहून न्यावी लागे, आणि गोळी लहान असली की तेवढ्याच शिशात जास्त बार निघतात. लांब नळीमुळे पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर वाढलं, नेम धरणं सोपं झालं.

या रायफलींवर नंतर नक्षीकाम फार चढलं. दस्त्यात बसवलेली पितळी झाकणाची डबी, चांदीच्या चांदण्या, कोरलेल्या वेलबुट्ट्या. लँकेस्टरच्या याकोब डिकर्टसारख्या नामांकित कारागिराची अस्सल रायफल आज लिलावात आली तर माझ्यासारख्याने किंमत न विचारलेली बरी. पण त्याच मुलखात शेतकऱ्यांसाठी अगदी साध्या रायफलीही बनत. त्यांना इथे ‘शिमेल’ म्हणतात. डबी नाही, चांदी नाही, काहींच्या दस्त्याला मागची पितळी पट्टीसुद्धा नाही. मला हीच हवी. नक्षीवाल्या बंदुकीत नजर नक्षीवर जाते आणि खालचे दोष झाकले जातात. शिमेलला लपायला जागा नाही. दस्त्याची रेघ चुकली की ती पलीकडच्या टोकावरून दिसते.

खरा जीव मात्र खटक्यात, म्हणजे दारू पेटवणाऱ्या यंत्रणेत असतो. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळून गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि गार समोरच्या पोलादी झडपेला घासते. झडप उघडते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूवर पडतात, तिची आच कान्यातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून आत शिरते आणि मुख्य दारू पेटते. हे सगळं एका सेकंदाच्या लहानशा अंशात होतं, तरी माणसाला ते जाणवतं. गालाजवळ जाळ होतो, धूर उठतो, आणि तोवर नेम हलू द्यायचा नसतो. आधुनिक रायफल उत्तम चालवणारे लोक इथे गडबडतात, कारण डोळा आपोआप मिटतो. झडपेचं पोलाद नीट पाणी दिलेलं नसेल, गार बोथट असेल किंवा काना चुकीच्या उंचीवर पाडलेला असेल, तर रंजक भुर्रकन जळते आणि बार फुसका. म्हणून खटक्याच्या पैशांत काटकसर करू नये, हे माझं ठाम मत. नळी मध्यम चालेल, लाकूड साधं चालेल, खटका चांगलाच हवा.

नळीही मला विशिष्ट धाटणीची हवी. बाहेरून अष्टकोनी, मागे जाड, मध्ये बारीक होत गेलेली आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुललेली. सरळसोट नळीची लांब रायफल पुढे जड होते आणि हात लवकर दुखतो. अशी कमावलेली नळी असली की तेवढ्याच लांबीची बंदूक हातात हलकी वाटते. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, संथ असावेत, साधारण ४८ ते ६६ इंचांत एक पूर्ण वेढा, कारण इथे गोल गोळी कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासायची असते. अर्ध्या इंचाच्या नळीला ०.४९ इंचाची गोळी घेतात. उरलेली फट तेल लावलेलं जाड सुती कापड भरून काढतं आणि आट्यांची पकडही तेच घेतं.

दस्ता रंगवणं हा मला सगळ्यात आवडणारा भाग. लाटांसारखी नैसर्गिक नक्षी असलेलं मेपल कापल्यावर पांढरट, फिकं दिसतं. नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं द्रावण त्यावर फासतात. लाकूड आधी हिरवट-पिवळं, रोगट दिसू लागतं. मग गरम हवेचा झोत दिला की त्या लाटा एकेक करून तांबूस तपकिरी होत वर येतात. वरून जवसाचं तेल चोळायचं. हे करताना गॅरेजचं दार सताड उघडं ठेवावं लागतं, वाफा वाईट असतात, आणि घरच्यांची बोलणी खावी लागतात.

आता घडवायची म्हणजे किती घडवायची? व्हर्जिनियात विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक वसाहतीत असे कारागीर आहेत जे लोखंडाची पट्टी तापवून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून नळी जोडतात आणि आटेही हातानेच पाडतात. ते बघून माझ्यासारख्या संगणकवाल्याला आपली पायरी कळते. दुसऱ्या टोकाला आजचे संच आहेत. ओहायोतल्या किबलरच्या संचात नळीची खाच, खटक्याची जागा, ठासायच्या गजाचं भोक सगळं यंत्राने इतकं अचूक कोरलेलं येतं की तुम्हाला मुख्यतः घासायचं, रंगवायचं आणि जोडायचं असतं. जुन्या वळणाचे लोक याला घडवणं म्हणत नाहीत. मला त्यांचं पटत नाही. नवख्याने आधी संच जोडावा. कुठला भाग का तसा आहे हे हाताला कळलं की मग लाकडाचा ठोकळा घेऊन बसावं. उलट क्रमाने गेलेल्यांच्या अर्धवट बंदुका इथल्या जत्रांत विकायला दिसतात.

पेन्सिल्व्हेनियात अशी बंदूक घ्यायला एक निमित्तही मिळतं. नाताळ उलटला की हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो, १९७४ पासूनचा, आणि त्यात फक्त चकमकीची ठासणीची बंदूक चालते. केपाची, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची नाही. बर्फ पडत असताना वाटीतली रंजक कोरडी ठेवणं हा त्या हंगामातला निम्मा उद्योग असतो.

गोव्याच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या सर्वसाधारण तोडेदार बंदुकीत चाप दाबत जाल तसा जळता तोडा हळूहळू वाटीत उतरतो. गोव्यात पोर्तुगीज आणि स्थानिक कारागिरांच्या हातून जी जात तयार झाली तिच्यात तोडा धरणारा हात कमानीच्या (स्प्रिंगच्या) ताणावर मागे अडकवून ठेवतात. चाप दाबला की तो सटकन पुढे पडतो, त्यामुळे नेम कमी हलतो. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा आदिलशाही शस्त्रशाळेतले कारागीर त्यांच्या हाताखाली आले. इथे मध्य युरोपातल्या बोहेमियाच्या बंदुकांइतक्या चांगल्या बंदुका बनतात, असं गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कने १५१३ मध्ये आपल्या राजाला कळवलं होतं. १५४३ च्या सुमारास पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले, तेव्हा त्यांच्याजवळच्या बंदुका याच इंडो-पोर्तुगीज घराण्यातल्या होत्या, असं बरेच अभ्यासक मानतात. जपानी तोड्याच्या बंदुकीचा खटका बघा, साम्य लगेच दिसतं. तिथल्या लोहारांना म्हणे नळीच्या मागच्या बुचाचे स्क्रूसारखे आटे काही केल्या जमेनात, आणि ती विद्या मिळवायला एका लोहाराने आपली मुलगी पोर्तुगिजाला दिली. दंतकथाच असावी. पुढे १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत जपानी सरदार ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी प्रतिस्पर्धी ताकेदा घराण्याच्या घोडदळाची दाणादाण उडवली. मांडवीच्या काठावरचा खटका तिथवर पोचलेला, ही कल्पना मला सोडवत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एनफिल्ड १८५३ आपल्याला १८५७ च्या काडतुसांमुळे ठाऊक आहे. तिच्या चांगल्या इटालियन प्रतिकृती मिळतात, पण ती केपाची, माझ्या दृष्टीने अर्धी मजा गेली. ब्राउन बेस या ब्रिटिश सैन्याच्या चकमकीच्या बंदुकीची ३९ इंची नळीची ‘इंडिया पॅटर्न’ मुळात ईस्ट इंडिया कंपनीसाठीची. नळीला आटे नाहीत, भरायला सोपी, नेमाला यथातथा. ब्रिटिश आरमाराची सात नळ्या एकदम सोडणारी नॉक बंदूक बघायला मजेशीर आहे, खांद्याला लावायची इच्छा नाही. आणि एक अशी जिची प्रतिकृती कुणीच करत नाही: महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली बनलेली चकमकीची बंदूक. कुणी हौशी कारागीर हे वाचत असेल तर मनावर घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधीच्या बंदुका आणि ठासणीच्या बहुतेक प्रतिकृती संघीय कायद्यानुसार ‘फायरआर्म’ ठरत नाहीत, जरी काही राज्यांचे नियम बरेच कडक आहेत. भारतात तसं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याला ठासणीची बंदूकही बंदूकच. बाळगायला परवाना लागतो आणि बनवायला वेगळा परवाना लागतो, तो हौसेखातर मिळणं विसरा. कोकणात माकडं-डुकरांपासून बागा राखायला शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात, पण निवडणूक लागली की त्यासुद्धा सहसा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. परदेशातून संच मागवण्याच्या फंदात पडू नका, कायद्याच्या व्याख्येत सुटे भागही येतात. दुरुस्त करूनही कधी चालणार नाही अशा जुनाट बंदुकीला सूट आहे, मात्र ‘चालणार नाही’ हे तुम्ही नाही, अधिकाऱ्याने ठरवायचं असतं. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाही. गोव्याची बंदूक मला गोव्यात सापडली तरी इथे आणता येणार नाही ती याचमुळे.

तुम्ही पुण्यातच आहात तर केळकर संग्रहालयातली शस्त्रं बघून या, मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रांचं दालनही. तोड्याची बंदूक दिसली तर तोडा धरणारा हात लाकडाच्या खाचेतून वर आलाय की बाजूला बाहेरून कमान लावलेली आहे, तेवढं बघा. दुसऱ्या प्रकारची असेल आणि फोटो काढू देत असतील तर इथे खाली टाका, त्या खटक्यावर आपण सविस्तर बोलू.