नवीन स्पीशीज नंतर, आधी टाकीवरचा बेडूक

अगं,

तुझा मेल वाचला, फोटो पण सगळे बघितले. एमएस्सीच्या डिझर्टेशनला ट्री फ्रॉग (झाडावरचा बेडूक) घेतेयस हे छानच, पण "सर, नवीन स्पीशीज मिळेल असा एखादा स्पॉट सांगा ना" हे वाचून हसू आलं. स्पॉट काही मी सांगणार नाही. त्यापेक्षा तो शेवटचा फोटो आहे ना, कोथरूडला तुमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरचा, ज्याच्याखाली तू "हा कॉमनच आहे" असं लिहिलंयस, तोच बेडूक घे असं माझं सरळ म्हणणं आहे.

तो पॉलिपिडेट्स मॅक्युलेटस, म्हणजे आपण सगळे त्याला तसं म्हणतो. ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८३० मध्ये बंगालच्या बेडकावरून मॅक्युलेटस हे नाव दिलं, तेव्हा तो हायला या जीनसमध्ये (म्हणजे जवळच्या स्पीशीजच्या गटात) होता, मग बरीच वर्षं रॅकोफोरस, आणि आता पॉलिपिडेट्स. जुने शोधनिबंध शोधताना तिन्ही नावं टाकत जा, नाहीतर अर्धं मटेरियल हाताला लागणारच नाही. आता बघ, नाव बांधलेलं आहे बंगालला आणि आपण ते लावतो पुण्यात, केरळात, श्रीलंकेत, नेपाळात. बरोबरही असेल. पण कुठे कोणी बेडूक हातात घेऊन, मोजमापं करून ते नाव लावलं आणि कुठे नुसतं फील्ड गाइडच्या पुस्तकातलं चित्र बघून चिकटवलं, हे निवडून काढणं हेच खरं काम आहे, आणि ते करायला कोणी तयार नसतं कारण त्यात पेपरात फोटो छापून येत नाही.

याच जीनसमध्ये काय काय झालंय बघ. दक्षिण भारतात क्रूसिजर नावाची स्पीशीज आहे असं वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं, तो खरं तर श्रीलंकेचा. आपल्याकडचा वेगळा निघाला आणि १९९८ मध्ये त्याला स्यूडोक्रूसिजर असं नाव मिळालं. ल्यूकोमिस्टॅक्स या आणखी एका स्पीशीजची गंमत तर अजून मोठी आहे, त्याचं नाव जावाच्या बेडकाचं, पण ईशान्य भारतापासून फिलिपिन्सपर्यंत जो दिसेल तो ल्यूकोमिस्टॅक्स असं चाललं होतं. ईशान्येकडच्या बऱ्याच नोंदी आता तेराईएन्सिस या वेगळ्या स्पीशीजमध्ये गेल्यात, तिकडे चीनच्या बाजूचे मेगासेफॅलस वगैरे वेगळे झाले. आणि उलटही झालं, इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या इतक्या बेटांवरचे बेडूक डीएनएत फारसे वेगळे निघालेच नाहीत, २०१० च्या अभ्यासाने म्हटलं की बहुतेक माणसाबरोबर, शेतीमालाबरोबर हल्लीच पसरलेत. म्हणजे नकाशावर एक मोठा डाग दिसला की त्यात चार स्पीशीज लपलेल्या असू शकतात किंवा एकच बेडूक बोटीतून फिरलेला असू शकतो, नुसत्या नकाशावरून कळत नाही. आणि नवीनचंच म्हणशील तर याच जीनसमधली २०१९ ची नवी स्पीशीज, बेंगालेन्सिस, कुठे मिळाली? उत्तर आणि दक्षिण २४ परगण्यात, माणसांच्या वस्तीला लागून. घनदाट जंगलात वगैरे नाही.

आता तुझ्या फोटोंबद्दल. सगळे पाठीचे काढलेयस! पाठीचा रंग काही कामाचा नाही, हा बेडूक दिवसा भिंतीवर फिक्कट पडतो आणि रात्री गडद होतो, तुला वाटेल दोन वेगळे आहेत. मांडीची मागची बाजू दिसेल असा फोटो हवा. मॅक्युलेटसला तिथे पिवळे गोल ठिपके असतात आणि ठिपक्यांच्या मधून तपकिरी-जांभळट जाळी गेलेली असते, पाय मिटून बसला की यातलं काहीच दिसत नाही. दुसरं म्हणजे डोक्याची कातडी. ल्यूकोमिस्टॅक्स आणि क्रूसिजरमध्ये ती बहुधा कवटीला चिकटलेली असते, मॅक्युलेटसमध्ये सुटी असते. बोट हलकंच फिरवलं की समजतं. हात ओला करून घे, आणि ओडोमॉस लावलेल्या हाताने बेडूक धरायचा नाही, कितीही डास असू देत.

आवाज रेकॉर्ड करशील तेव्हा सोबत हवेचं तापमान लिहीत जा, थंडीत बेडूक संथ लयीत ओरडतो आणि मग दोन गावांचे कॉल, म्हणजे बेडकांचे आवाज, जुळवताना उगाच फरक सापडतो. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरुवातीला चालेल. फेसाचं घरटं दिसलं तर फोटो काढच, मादी मागच्या पायांनी फेस घुसळून पाण्याच्या वर चिकटवते आणि टॅडपोल (बेडकाची शेपटीवाली पिल्लं) खाली पाण्यात पडतात, पण फक्त घरट्यावरून स्पीशीज लिहू नकोस. आंबोलीला मलबार ग्लायडिंग फ्रॉगही तसंच फेसाचं घरटं करतो.

पुणे जिल्हा या कामाला एक नंबर आहे. लोणावळ्याला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, शहरात ७०० च्या आसपास, आणि इंदापूरकडे त्याहून कमी. हा बेडूक पूर्वेला कुठपर्यंत जातो, आणि कोरड्या भागात तो ओढ्याकाठी आहे की फक्त विहिरी, टाक्या, बागा यांच्या जिवावर टिकलाय, हा प्रश्न तुला पुरून उरेल. म्हणून "गेले, पाऊस होता, शोधला, नाही मिळाला" हेही तारखेसकट लिहायचं. लोक हे लिहीतच नाहीत आणि मग रिकामी जागा म्हणजे बेडूक नाही की माणूस गेला नाही, काही कळत नाही.

संग्रहातल्या जुन्या नमुन्यांच्या लेबलांपासून मात्र सावध राहा. "पूना" लिहिलं असेल तर ते शहरच असेल असं नाही, खंडाळाही जिल्ह्यातच येतो आणि इंदापूरही. बॉम्बेएन्सिस नावाचा एक छोटा झुडपी बेडूक आहे, त्याची मूळ जागा कॅसल रॉक, आज ते कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. असल्या लेबलाला गुगल मॅपवरचा पिन लावून टाकू नकोस, "जागा नक्की नाही" असाच शेरा मार.

आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, तिथलं कलेक्शन बघायला तुझ्या डिझर्टेशनच्या गाइडच्या सहीचं पत्र घेऊन रीतसर विचार. अभयारण्यात काम असेल तर वनखात्याची परवानगी आधी, आणि बेडूक बाटलीत भरायचा विचार सध्या डोक्यातून काढ, फोटो, कॉल आणि मोजमापं एवढ्यावर तुझं पहिलं वर्ष आरामात जाईल. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना बूट आणि जाळी धुऊन वाळवायची, बेडकांना मारणारी किट्रिड बुरशी अशीच पसरते.

जून लागायच्या आत एक शीट बनव. जागा, तारीख, वेळ, तापमान, मांडीचा फोटो, कॉल, आणि ओळख कशावरून केली. स्पीशीजच्या नावाचा कॉलम सगळ्यात शेवटी ठेव आणि पहिले दोन महिने त्यात काही भरू नकोस. मग मला पाठव, बसून बघू.

— सर