'आय यूज्ड टू' आणि 'आय ॲम यूज्ड टू' यांत फरक काय? वाक्यात कसं वापरायचं?

आधी इंग्रजी बाजूला ठेवा आणि हे वाक्य मोठ्याने म्हणा: 'लहानपणी मी विहिरीत पोहायचो.' एकट्या 'पोहायचो'त दोन गोष्टी आल्या. तेव्हा हे नेहमीचं होतं, आणि आता ते राहिलेलं नाही. इंग्रजीत हेच काम 'यूज्ड टू' करतं: आय यूज्ड टू स्विम इन द वेल. शाळेत 'जात असे', 'लिहीत असे' असा रीती भूतकाळ शिकलात ना, तोच हा. मराठीत जायचो, यायची, म्हणायचे असं क्रियापद आलं की 'यूज्ड टू' लावा आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप ठेवा. कर्ता कोणीही असो, रूप बदलत नाही. फक्त 'मला जायचं होतं' याला 'जायचो' समजू नका, ती इच्छा झाली. तिथे 'आय वॉन्टेड टू गो'.

पूर्वीची स्थिती सांगतानाही हेच चालतं. इथे पूर्वी चिंचेचं झाड होतं: देअर यूज्ड टू बी अ टॅमरिंड ट्री हिअर. पण किती काळ ते मोजून सांगायचं असेल तर साधा भूतकाळच हवा. 'मी तीन वर्षं नाशिकला राहायचो' हे मराठीतही कानाला खटकतं, आपण 'राहिलो' म्हणतो. तसंच आय लिव्ड इन नाशिक फॉर थ्री इयर्स.

खरा घोळ होतो तो 'जात असतो'मुळे. मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतो, बरीचशी मुलं आयटीआय झालेली असतात. त्यातला एक चाकणच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला. सध्या काय काम करतोस असं विचारल्यावर म्हणाला, 'आय यूज्ड टू ऑपरेट अ सीएनसी मशीन.' पुढचा प्रश्न आला, मग ते काम कधी सोडलंस? पोरगा गांगरला, कारण आदल्या रात्रीच तो त्या मशीनवर सेकंड शिफ्ट करून आला होता. त्याच्या मनात होतं 'मी सीएनसी चालवत असतो', आणि तोंडून गेलं 'चालवत असे'. मला फार वाईट वाटलं, कारण काम त्याला उत्तम येत होतं. आजही चालू असलेल्या सवयीला साधा वर्तमानकाळ पुरतो: आय ऑपरेट अ सीएनसी मशीन. हवं तर 'युज्वली' घाला. 'डी' काढून 'आय यूज टू' म्हटलं की वर्तमानकाळ होतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. जुन्या इंग्रजीत तसं रूप होतं, 1611च्या इंग्रजी बायबलात 119व्या स्तोत्रात 'यूजेस्ट टू डू' असं सापडतं. आजच्या इंग्रजीत ते चूक.

मग 'डी' कधी जातो? 'डिड' आला की. मी पूर्वी चहा प्यायचो नाही: आय डिडन्ट यूज टू ड्रिंक टी. भूतकाळ 'डिड'ने उचलला, पुन्हा दाखवायची गरज उरली नाही.

आता 'आय ॲम यूज्ड टू'. इथे मधे 'ॲम' आला आणि अर्थ झाला 'मला सवय आहे'. मराठीत सवय कशाची असते? उकाड्याची, गर्दीची, लवकर उठण्याची. 'लवकर उठ सवय' असं कोणी म्हणत नाही, 'उठणं' असं नाम करून त्याला 'ची' जोडावं लागतं. इंग्रजीतही तसंच. हा 'टू' म्हणजे आपला 'ची', म्हणून त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजी लागलेलं क्रियापद येतं: आय ॲम यूज्ड टू द हीट. आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली. इथे 'गेट अप' म्हणू नका. सवय 'आहे' ऐवजी 'होणं' म्हणायचं असेल तर 'गेट'. नवीन गावात आलेल्याला आपण म्हणतो, 'होईल हळूहळू सवय', ते यू विल गेट यूज्ड टू इट.

दिसायला सारखं असं तिसरं एक आहे, 'वापरलं जाणं'. धिस नाइफ इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स, ही सुरी भाजी चिरायला वापरतात. बोलताना ते कानाने ओळखू येतं. वापरण्याच्या अर्थी 'यूझ्ड' असा झ ऐकू येतो. आधीच्या दोन्ही अर्थांना मात्र स येतो आणि 'डी' पुढच्या 'टू'त मिसळून जातो, म्हणून 'यूज्ड' आणि 'टू' वेगळे न तोडता एका दमात 'यूस्टू' म्हणा.